टेनेमेंट, चाळ आणि ताणून धरणं

प्रश्न असा आहे: १९३१ सालच्या 'स्ट्रीट सीन' या बोलपटाची ओळख मराठीत लिहायची आहे, तर त्यातल्या 'टेनेमेंट'ला गाळा म्हणावं की चाळ?

गाळा नको. म्हाडाच्या भाषेत 'संक्रमण गाळे' असतात, पण तो गाळा म्हणजे एका कुटुंबाची जागा. अहमदाबादेत टेनेमेंट म्हणजे बैठं घर. न्यूयॉर्कमध्ये मात्र अख्खी इमारत. तिथल्या १८६७च्या कायद्याने व्याख्याच करून ठेवली: तीनपेक्षा जास्त कुटुंबं भाड्याने स्वतंत्र राहतात आणि आपापला स्वयंपाक तिथेच करतात, ती इमारत. चुली मोजून ठरवलेलं घर! आपणही वाड्यात बिऱ्हाडं मोजतो ती चुलींवरूनच.

आणि या चित्रपटाबद्दल लिहिताना 'झोपडपट्टीतलं जीवन' असं जे सर्रास छापतात, ते आता थांबवा. तपकिरी दगडाची दर्शनी भिंत, रस्त्यावर उतरणाऱ्या पायऱ्या, मजल्यावर मजले, तळघरात राहणारा रखवालदार, दरमहा भाडं. यात झोपडी कुठे आहे?

आता खरी गंमत. टेनेमेंट आलं लॅटिन 'तेनेरे'वरून, म्हणजे धरणं, ताब्यात ठेवणं. भाडेकरू या अर्थाचा 'टेनंट' त्याचाच भाऊ. इथे आपले हौशी व्युत्पत्तिकार लगेच 'धारण' काढतात, कारण अर्थ जुळतो. अर्थ जुळला म्हणून मूळ जुळत नाही! संस्कृतात शब्दारंभी 'ध' असेल तिथे लॅटिनमध्ये 'फ' येतो: आपला धूम म्हणजे धूर, त्यांचा 'फूमुस'. 'तेनेरे'चं नातं 'तन्'शी आहे. तन् म्हणजे ताणणं, पसरणं. तंतू, तंत्र, गवयाची तान, आपलं ताणणं, सगळे त्याच कुळातले. मग ताणण्यातून धरणं कसं निघालं? 'ताणून धरणं' म्हणून बघा. जे ताणायचं ते सोडून चालत नाही, घट्ट धरावंच लागतं. लॅटिनमध्ये झालेला हा प्रवास मराठीने दोन शब्दांत शेजारी शेजारी बसवलाय. माझ्या मते ज्याला हे दिसलं त्याला टेनेमेंट कळलं. टेनेमेंट म्हणजे धरलेली जागा, एसटीत रुमाल टाकून धरतो तशी.

आणि हा चित्रपट तरी दुसरं काय सांगतो? एल्मर राइसच्या १९२९च्या, पुलित्झर पुरस्कार मिळालेल्या नाटकावरचा हा चित्रपट. पटकथाही त्याचीच, दिग्दर्शक किंग व्हिडॉर. उकाड्याने जीव हैराण झालेली माणसं पायऱ्यांवर बसून, खिडक्यांत कोपरं टेकून एकमेकांची उणीदुणी काढतात. नवरा सोडून गेलेल्या बाईला भाडं थकलं म्हणून घराबाहेर काढतात, तिचं सामान फुटपाथवर येतं. धरलेली जागा सुटते.

चाळीबद्दल काही जाणकार अडून बसतात की सामाईक गॅलरी नसेल तर चाळ म्हणू नये. गॅलरी तिथे नाही हे खरं. पण गॅलरीचं काम तिथे पायऱ्या करतात. खुशाल चाळ लिहा, फक्त पहिल्यांदा 'न्यूयॉर्कची भाड्याची चाळ' असं लिहा, म्हणजे वाचकाच्या डोळ्यांसमोर गिरगाव येणार नाही.

शेवटचा प्रसंग मात्र ओळखीत गाळू नका. खून होऊन गेलाय, कुटुंब उधळलंय, आणि एक अनोळखी जोडपं दारात येऊन रिकाम्या झालेल्या जागेची चौकशी करतं.