जपानी माध्यमाच्या विद्यापीठात एक्स्चेंजवर जाऊन रुळायला काय लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात जपानी शिकलात, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतलं एन ३ झालंय (एन ५ सगळ्यात सोपं, एन १ सगळ्यात अवघड), एप्रिलपासून वर्षभर ओकायामाच्या एका विद्यापीठात चालला आहात, तास जपानीतच असणार, आणि तुम्ही शाकाहारी आहात. रुळायला काय लागतं, की एन २ करून मगच जावं?

जा. एन २ साठी थांबू नका. मीही ओकायामालाच वर्षभर होते आणि जाताना माझंही एन ३च होतं. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले जपान म्हणजे तोक्यो असं धरून दिलेले असतात, म्हणून मी ओकायामापुरतंच बोलते. तसं हे गाव पुणेकरांना अगदी परकं नाही. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, आणि ते ज्या बागेवर बेतलंय ती कोराकुएन तुमच्या खोलीपासून सायकलवर असेल. १६८७ मध्ये काम सुरू होऊन १७०० मध्ये पुरी झालेली बाग, वळसा घालून जाणारी आसाही नदी, पलीकडे काळाकुट्ट किल्ला. जायच्या आधी आपली बाग एकदा बघून घ्या. ‘पुण्याहून आले’ म्हटल्यावर तिथल्या एखाद्या आजोबांना नेमकं तेच बोलायचं असतं.

पहिले दोन आठवडे कागदांचे. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त क्रम सांभाळा. बहुधा कानसाई विमानतळावर उतराल. तिथे इमिग्रेशनवरच झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, हातात मिळतं. पार्टटाइम कामाच्या परवानगीचा फॉर्म त्याच खिडकीवर देऊन टाका, नंतर खेटे घालावे लागत नाहीत. (आठवड्याला २८ तासांची मर्यादा, तीसुद्धा गंमत म्हणून ठेवलेली नाही.) मोठी बॅग विमानतळावरूनच ताक्क्यूबिनने, म्हणजे घरपोच कुरियरने, पुढे पाठवा आणि मोकळ्या हातांनी गाडी पकडा. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, तो कार्डाच्या मागे उमटवून देतात. आरोग्य विमा तिथेच काढतात, मग दवाखान्याच्या बिलातले ३० टक्केच आपण भरायचे. वीस वर्षं पूर्ण असतील तर पेन्शनमध्येही नाव जातं. तेव्हा हप्ता माफ व्हायचा अर्ज आपणहून मागा, नाही तर काही दिवसांनी हप्त्यांच्या पावत्यांचा जाडजूड लिफाफा दारात येतो आणि पोटात गोळा. मग सिम, मग बँक. फोनवाल्यांना बँक खातं हवं असतं आणि बँकेला फोन नंबर, हा गुंता विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस दरवर्षी सोडवतं. ते सांगतील तेच सिम घ्या, तिथे अक्कल पाजळू नका.

मराठी माणसाची खरी पंचाईत होते ती नावात. आपल्या पासपोर्टात बहुधा आपलं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात जोडून असतं. कार्डावर ते रोमन लिपीत ओळीने येतं, पण बँकेत आणि इतर फॉर्मवर कधी ना कधी काताकाना, म्हणजे परकी नावं लिहायची जपानी लिपी, लिहावीच लागते. कुलकर्णीचं ‘कुरुकारुनी’ होईल, हरकत नाही. पण वडिलांच्या नावातला ‘आ’ एका फॉर्मवर लांबवला आणि दुसऱ्यावर आखूड ठेवला, तर खात्यातलं नाव जुळत नाही आणि शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात. तिन्ही नावं पुण्यातच आपल्या सेन्सेईंकडून, म्हणजे जपानीच्या शिक्षकांकडून, कागदावर लिहून घ्या आणि वर्षभर तोच कागद बघून उतरवा.

आता भाषा. वर्गातलं जपानी सगळ्यात सोपं असतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. विषय ठरलेला, स्लाइड समोर, प्राध्यापकाची वाक्यं पूर्ण. आदल्या रात्री त्या धड्यातले शब्द काढून बसलं की निम्मं कळतं, आणि निम्म्यावर तास निभतो. खरी दमछाक कॅन्टीनमध्ये. चार जणी टेबलावर बसल्या की वाक्यातला कर्ता गायब, क्रियापद तोंडातल्या तोंडात, वर ओकायामाची बोली. आपण इथे वर्षानुवर्षं घोटलेलं ‘देस-मास’, म्हणजे अदबीची क्रियापदं, त्या वयाचं कुणीही आपसांत बोलत नाही. एखाद्या विनोदावर आपल्याला हसू येईपर्यंत पुढचे दोन विषय होऊन गेलेले असतात. हे एन २ करूनही असंच होतं. माझ्याबरोबर एन १ झालेली एक मुलगी होती, तीही पहिले काही आठवडे नुसती मान हलवत बसायची.

एक गोष्ट मात्र इथूनच घोटून जा: हाताने लिहिणं. बऱ्याच तासांच्या शेवटी एक छोटा कागद वाटतात. आज काय कळलं, काय पटलं नाही, ते लिहून द्यायचं, आणि अनेकदा हजेरीही त्यावरच लागते. काही जण आता हे ऑनलाइन घेतात, पण सगळे नाही. फोनवर टाइप करताना कांजी, म्हणजे चिनी मुळाची अक्षरं, आपसूक समोर येते, पेन हातात घेतलं की डोकं रिकामं. शेजारची पान भरून, दप्तर उचलून गेलेली असते आणि आपण अजून ‘कानक्यो’ (पर्यावरण) या शब्दातल्या पहिल्याच अक्षराच्या रेघा जुळवतोय. अडलं की सरळ हिरागानात, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या साध्या लिपीत, लिहा. माझ्या एकाही प्राध्यापकाने त्यावरून खोड काढली नाही. उलट मोडक्यातोडक्या वाक्यात ‘आमच्याकडे हे असं नसतं’ असं काही लिहिलं, की पुढच्या तासाला ते वाचून दाखवायचे. प्रश्नही तास संपल्यावर पुढे जाऊन विचारा. भर वर्गात हात वर करायची तिथे फारशी पद्धत नाही, पण नंतर तेच प्राध्यापक घड्याळ न बघता समजावत बसतात.

आता मुख्य मुद्द्यावर येते. रुळणं अडतं ते एप्रिलमध्ये नाही, मे-जूनमध्ये. एप्रिलमध्ये सगळेच नवे असतात. ‘लाइन’ या चॅट अॅपवर आयडी घेतले जातात, ‘एकदा जेवायला जाऊ या’ म्हटलं जातं. मग पाऊस सुरू होतो आणि लक्षात येतं की ते ‘एकदा’ काही येत नाही. यात खोटेपणा नाही आणि तुमच्या रंगाचा किंवा भाषेचा प्रश्न बहुतेक वेळा नसतोच. तिथल्या मुलांचा आठवडा तास, पार्टटाइम आणि सर्कल (विद्यार्थ्यांचे हौशी गट) यांत आधीच वाटून गेलेला असतो. त्या वेळापत्रकात जो आहे तो भेटतो, नाही तो राहून जातो. तेव्हा गोड बोलून मैत्री होण्याची वाट बघू नका, कुणाच्या तरी वेळापत्रकात शिरा. ठरलेला वार, ठरलेली जागा, आणि तिथे तुमच्या वाट्याचं काहीतरी काम.

एप्रिलच्या सुरुवातीला सगळी सर्कल दारात टेबलं मांडून पत्रकं वाटत असतात. ‘बुकात्सु’ म्हणजे पक्का क्लब, जवळजवळ रोज सराव आणि सेन्पाईंचा, म्हणजे सीनियर मुलांचा, धाक. वर्षभरासाठी आलेल्याला सर्कल बरं. ओकायामात असाल तर मी डोळे मिटून उराजा म्हणेन. पीचमधून जन्मलेल्या मोमोतारोच्या जपानी लोककथेमागच्या दंतकथेत उरा नावाचा राक्षस आहे, त्याच्या नावाचा हा नाचाचा उत्सव १९९४ पासून दर ऑगस्टच्या सुरुवातीला होतो. चेहऱ्यावर रंगीत रेघा ओढलेली पथकं भर रस्त्यात नाचत जातात. सराव वसंतापासूनच संध्याकाळी चालू होतो. पुण्यात ढोल-ताशा पथकात नाव घातलं असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको: तीच उशिरापर्यंतची तालीम, तसेच ओरडणारे दादा-ताई, शेवटी तेच पाय दुखणं.

मला नाच येत नव्हता. पण ‘उजवा पाय’ म्हणणारी समोर उजवाच पाय उचलते, त्यामुळे शब्द कळला नाही तरी अडत नाही, आणि दहाव्यांदा ऐकला की तो पाठच झालेला असतो. नाचापेक्षा माझं बस्तान बसलं ते मुगिच्यामुळे, म्हणजे जवाच्या गार चहामुळे. सरावाआधी मोठा जार नळावर विसळायचा, चहाच्या पुड्या टाकायच्या, बर्फ ओतायचा आणि जिन्यावरून खाली आणायचा. हे काम कुणालाच नको होतं, ते मी घेतलं. त्यानंतर लोक आपणहून मला शोधत यायला लागले, ‘जार कुठाय?’ एवढंच विचारायला का होईना. पुढे त्यातल्याच दोघींबरोबर मी सेतो पूल ओलांडून ताकामात्सुला गेले. त्या उदोन, म्हणजे जाड नूडल्स, खायला निघाल्या होत्या, मी हवा खायला.

कारण उदोनच्या रश्श्यात दाशी, म्हणजे मासळीचं पाणी. शाकाहाराचं तिथलं दुखणं हेच आहे. मटण-चिकन दिसतं तरी, दाशी दिसत नाही. ती मिसो सूपमध्ये असते, शिजवलेल्या भाज्यांत असते, आणि गार तोफूवर वरून मासळीचा कीस भुरभुरवलेला असतो. ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. ‘निकु, साकाना, दाशी मो दामे’ (मांस, मासे, दाशीही नको) असं एकेक मोजून सांगा. दाशी चालवून घ्यायची का, हे घरीच ठरवून निघा, रोज टेबलावर ठरवत बसलात तर वैतागाल. कॅन्टीनमध्ये भात आणि एखादी कोशिंबीर घ्या, डबा सोबत न्या आणि सगळ्यांबरोबरच बसा. डबा आणलेला कुणाला खटकत नाही. कुकर न्यायचा तर स्टीलचा, तोही इंडक्शनवर चालणारा, कारण होस्टेलात बऱ्याचदा आयएच शेगडी असते आणि तिच्यावर साधं अॅल्युमिनियम तापत नाही. मिक्सर नेऊ नका, तिथे वीज १०० व्होल्टची आहे. जिरं, हळद, छोले ग्योमु सुपर या स्वस्त सुपरमार्केटमध्ये सापडतील, तूरडाळ ऑनलाइन मागवा. ‘इंडियन’ पाटीची हॉटेलं खूप आहेत, चालवणारे बहुधा नेपाळी. तिथलं परातीएवढं नान एकदा खायला हरकत नाही. जुलैत मात्र बाजारात डागी पांढरी पीच स्वस्तात मिळतात, ती सोडू नका.

सायकल लागेलच, गाव सपाट आहे. मायदेशी निघालेल्या विद्यार्थ्याकडून जुनी घेतलीत तर नोंदणी लगेच आपल्या नावावर करा, रात्री पोलीस थांबवून नंबर ताडून बघतात. एका हातात छत्री धरून चालवू नका आणि फोन तर खिशातच ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून सायकलवाल्यांनाही पावती फाडतात आणि फोनचा दंड १२,००० येन आहे.

राहता राहिलं एन २. जुलैच्या परीक्षेचे फॉर्म जपानात साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत असतात, म्हणजे तुम्ही वॉर्ड ऑफिसाच्या रांगेत असाल तेव्हा. ती सोडून द्या. डिसेंबरचे फॉर्म ऑगस्टअखेर निघतात, उराजा आटोपल्यावर. तेव्हा भरा.