एक्सवरच्या जनुकांमधलं अंतर मोजायचं, तर आधी आई ओळख

अगं, उंदरांच्या पहिल्याच प्रकल्पात एक्स गुणसूत्र मिळालं, नशीबवान आहेस. नर पिल्लाला एक्स फक्त आईकडून मिळतो, त्यामुळे तिच्या दोन एक्समधली अदलाबदल मुलग्यांच्या अंगावर थेट वाचता येते. मुलग्यांपुरता बाप कुठलाही चालतो. मुलींच्या दिसण्यावर मात्र जाऊ नकोस. टॅबी या एक्सवरच्या, केसांवर परिणाम करणाऱ्या उत्परिवर्तनाची संकर मादी (एका एक्सवर टॅबी, दुसऱ्यावर नेहमीचं रूप) पट्टेरी दिसते, कारण तिच्या प्रत्येक पेशीत एकच एक्स चालू असतो. जनुकशास्त्रज्ञ मेरी लायननं हे १९६१ मध्ये मांडलं.

खरी मेख आईतच आहे. ज्या दोन उत्परिवर्तनांमधलं अंतर मोजायचंय, ती तिच्या एकाच एक्सवर आहेत की वेगवेगळ्या, हे तिच्या आई-बापावरून आधीच लिहून ठेव. नाहीतर पुनर्संयोजित (अदलाबदलीतून नवी जोडी मिळालेले) कोण आणि मूळचे कोण, हेच उलटंपालटं होतं. १०० मुलग्यांत १० पुनर्संयोजित म्हणजे साधारण १० सेंटिमॉर्गन (जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक), पण त्यात तीनेकाची प्रमाणत्रुटी, म्हणजे योगायोगानं होणारी चूकभूल, धरच. तीन जनुकं घेतलीस तर सर्वांत कमी सापडणारे दोन गट बघ, ते दोनदा अदलाबदल झालेले असतात; मधलं जनुक तेच सांगतात.

मॉटल्ड या एक्सवरच्याच दुसऱ्या उत्परिवर्तनाची काही रूपं नरांना जन्माआधीच मारतात, तिथे मोजणी फसते.

आणि पिंजऱ्यांवरची कार्डं पेन्सिलीनं लिही. मुंबईच्या एका पावसाळ्यात माझी शाई पसरली, दोन पिंजऱ्यांची वंशावळ वाहून गेली.