शिकारीची बॅटरी राहू द्या, सेल निघणारी घ्या

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच रडगाणं कुणीतरी लिहून काढलंय असं वाटलं. आठवड्यातले निम्मे दिवस मोटारीची थ्री फेज वीज रात्रीची, उसाला दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी सरीसरीत वळवायला, एकट्यानं जायचं, शिवारात बिबट्याची बोलवा आणि हातातली बॅटरी रात्री दोनलाच मान टाकते. म्हणून तुम्ही ‘हंटिंग टॉर्च’ नावाच्या दोन लिंक टाकल्यात आणि विचारलंय की शिकारीला चालते ती शेतात टिकेलच ना.

शिकारीचं आधी उरकून टाकतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, म्हणजे खोक्यावरचा तो शब्द परदेशी गिऱ्हाइकासाठी आहे. तिकडे रात्री रानडुकरावर लाल नाहीतर हिरवा झोत टाकतात, कारण डुकराला लाल रंग धड उमगत नाही आणि ते बिचकून पळत नाही. आपल्याला तर ते बिचकायलाच हवंय. शिवाय लाल उजेडात ओल्या मातीवरची घोणस आणि पाचटाचा वेटोळा वेगळा ओळखू येत नाही. रंगीत उजेडाला जास्तीचे पैसे देऊ नका. उलट पांढऱ्यातही निळसर पांढरा टाळून किंचित पिवळट, म्हणजे चार ते पाच हजार केल्व्हिनचा (उजेडाच्या रंगाचं माप, खोक्यावर असतं) मिळाला तर बघा. माती, पाला आणि जनावराची कातडी त्यात नीट उठून दिसते, आणि डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या धुक्यात डोळ्यांवर कमी येतो.

आता मुद्द्याचं. बॅटरी टिकाऊ आहे का, हे सगळे तिच्या अंगाकडे बघून ठरवतात. ॲल्युमिनियम आहे का, आपटली तर फुटेल का. माझं मत उलटं आहे. एलईडी सहसा जात नाही, अंग सहसा फुटत नाही. जातो तो सेल. लिथियमचा सेल वापरा नाहीतर ठेवा, त्याची ताकद हळूहळू कमी होतेच, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळा काढला तर लवकर कमी होते. तेव्हा पहिला प्रश्न एकच: सेल बाहेर काढून दुसरा टाकता येतो का? येत नसेल तर पुढचं काही वाचूच नका.

हे इतकं ठासून का सांगतोय त्याचं कारण एक सर्व्हिस सेंटर. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

आमच्याकडची बॅटरी चांगल्या पैशाची होती. खोक्यावर आयपीएक्स ७ छापलेलं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी आत पाणी जायला नको. चार्जिंगच्या भोकावर रबरी झाकण. पहिला हंगाम झकास गेला. दुसऱ्यात असं व्हायला लागलं की चार्जरवर हिरवा दिवा लागायचा, फुल दाखवायची, आणि मोटार चालू करून पाटापर्यंत पोचतोय तोवर बसायची. मागचं बूड फिरवायला गेलं तर फिरेना, कंपनीनं डिंक घालून बसवलेलं. सेल आतल्या आत. वॉरंटी शिल्लक होती म्हणून शहरात घेऊन गेलो.

काउंटरवरच्या पोरानं रबरी झाकण उचललं, कानात घालायची कापसाची काडी भोकात फिरवली आणि काडीच्या टोकाला आलेला तांबूस डाग मला दाखवला. “ओल लागलीय. वॉरंटीत बसत नाही.” म्हटलं, खोक्यावर तर पाण्यात बुडाली तरी चालते असं लिहिलंय. “ते झाकण घट्ट असताना.” मग ते सैल कुणी केलं? “वापरून होतं सर.” मग बिल मागितलं. ते चकचकीत कागदाचं होतं. पाकिटात ठेवून पार पांढरं पडलेलं, उजेडाकडे धरलं तर कोपऱ्यात दुकानाच्या नावाची दोन अक्षरं दिसत होती. वॉरंटी कार्डावर दुकानदाराचा शिक्का होता, पण तारीख शिक्क्यात नाही, पेनानं आहे, म्हणून तेही चालेना. शेवटी ‘हेड ऑफिसला पाठवून बघतो’ म्हणून ठेवून घेतली.

मी म्हणत होतो, मला नवी नको, दुरुस्तीही नको, आतला सेल विकत द्या. पैसे देतो. तर सेल सुटा विकत नाही, पॉलिसी आहे. पुढं ऊसतोड तोंडावर येईपर्यंत फोनवर तेच ऐकलं: पार्ट अव्हेलेबल नाही, वर रिक्वेस्ट टाकलीय, नवीन घेणार असाल तर सवलत देऊ. तोवर घरात मोबाईलच्या उजेडावर काम चाललेलं. मोबाईलचा उजेड पायाखालीच पडतो, लांबचं दिसत नाही, आणि तो हातात धरला की खोरं एका हातानं मारावं लागतं. धाकटा भाऊ असाच दारं मोडताना पाटाच्या कडेच्या दगडावरून घसरला आणि घोटा मोडून घेतला. ऐन तोडीत प्लास्टर. घोटा सर्व्हिस सेंटरनं मोडला असं मी म्हणत नाही, ओल्या दगडावर बॅटरी असतानाही माणूस घसरतो. पण राग यायचा तो येतोच. बॅटरी परत आली तेव्हा तिच्यावर ‘टेस्टेड ओके’चा गोल स्टिकर होता. चालत होती, पहिल्यासारखीच, पाटापर्यंत.

त्याच दिवसांत शेजारच्या आजोबांची जुनी प्लास्टिकची मोठी बॅटरी बंद पडली होती. तिच्यात चार व्होल्टची लेड ॲसिड असते, ती उतरलेली तशीच पडून राहिली की आतून मरते. आठवडी बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानं चार स्क्रू काढले, दोन वायरी डागल्या, नवी बसवली, चहा संपायच्या आत. ती जड असते, पावसात टिकत नाही, मी ती घ्या म्हणत नाही. पण चिकटवून बंद केलेल्या महागड्या बॅटरीपेक्षा मला ती बरी वाटते.

तर सेलचं. दोन मापं लक्षात ठेवा. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. बॅटरी यांपैकी एकावर चालणारी असावी. एमएएच म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचा आकडा. पहिल्याची खरी ताकद साधारण ३५०० एमएएच, दुसऱ्याची साधारण ५०००. १८६५० वर ९९०० लिहिलेले सेल ऑनलाइन ढिगानं मिळतात, ते निव्वळ खोटं. वजनावरूनही कळतं: चांगला १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या पुढं भरतो, सोनाराच्या नाहीतर किराण्याच्या छोट्या काट्यावर टाकून बघा. सॅमसंग, एलजी, पॅनासोनिक यांचे म्हणून सुटे मिळतात त्यात जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं वेष्टण चढवलेलेही असतात, तेव्हा ओळखीच्या दुकानातूनच.

यातही एक खोच आहे. काही कंपन्या दिसायला २१७०० सारखाच सेल देतात, पण प्लस-मायनस दोन्ही एकाच टोकाला. मग दुसऱ्या कुणाचा सेल त्यात चालत नाही, म्हणजे फिरून त्याच काउंटरवर. आणि साधा सेल घेताना बॅटरीला टोकाशी उंचवटा असलेला लागतो की सपाट, हे बघून घ्या. संरक्षण सर्किटवाला सेल तीन-चार मिलिमीटर लांब असतो, काहींत बसत नाही. जुना सेल सोबत नेऊन शेजारी धरून बघणं सगळ्यात सोपं.

लुमेनच्या, म्हणजे एकूण उजेड किती त्याच्या, आकड्यांवर भाळू नका. हिशेब सोपा आहे. ३५०० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे साडेबारा वॉट-अवर. चांगली बॅटरी एका वॉटात साधारण शंभर लुमेन देते. म्हणजे हजार लुमेनवर सव्वा तास, तीनशेवर चारेक तास. ‘१०००० लुमेन, १२ तास’ छापलंय तिथं एकतर पहिला आकडा खोटा नाहीतर दुसरा, बहुतेक दोन्ही. चांगल्या कंपन्याही एक गंमत करतात: २००९ पासून चालत आलेल्या एएनएसआय एफएल१ या टॉर्चच्या मापानुसार उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ ‘रनटाइम’ म्हणून लिहिता येतो. हजारचा शंभरावर आला तरी घड्याळ चालूच. आणि ‘टर्बो’ नावाचा सगळ्यात मोठा उजेड गरम झाल्यामुळं काही मिनिटांत आपोआप खाली येतो, त्याला बिघाड समजू नका. दारं धरायला दीडशे-दोनशे लुमेन पुष्कळ. तेवढ्यावर किती तास चालते ते बघा, आणि खिशात चार्ज केलेला दुसरा सेल ठेवा. पहाटे मोटार बंद होईपर्यंत उजेड पुरतो.

लांब पल्ल्याचंही तसंच. खोक्यावरचे मीटर म्हणजे जिथं उजेड पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उरतो ते अंतर. जनावर आहे की झुडूप हे ओळखायला त्याच्या निम्म्यापर्यंतच भरवसा ठेवा. एकराचा चौरस तुकडा धरला तर बांध चौसष्ट मीटरच्या आसपास येतो, म्हणजे खोक्यावर दोन-अडीचशे मीटर असलं तरी आपलं भागतं. हजार मीटरवाल्या सुईसारख्या झोताचा उपयोग समोरच्या वस्तीवरच्या माणसाला झोपेतून उठवायला.

माझं तर मत आहे की एक मोठी घेण्यापेक्षा दोन घ्या, एकाच मापाच्या सेलवर चालणाऱ्या: एक डोक्याला बांधायची, एक हातातली. खोरं मारायला दोन्ही हात मोकळे लागतात. धुक्यात मात्र डोक्याची बंद करून हातातली कमरेखाली धरा, नाहीतर समोर पांढरा पडदाच दिसतो.

बारीकसारीक: चार्जिंगचं भोक झाकणाच्या आत, आट्यांखाली लपलेलं असेल तर उत्तम. नसेल तर सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर चार्ज करा, भोकाला हातच लावू नका. काही स्वस्त बॅटऱ्या दोन्हीकडं टाइप-सी असलेल्या वायरीवर चार्जच होत नाहीत, जुनी चौकोनी पिन असलेली वायर लावून बघा, मगच बिघडली म्हणा. आट्यांवरच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. पिशवीत टाकताना बूड पाव फेरा सैल करा, म्हणजे आपोआप पेटून उतरत नाही. फुगलेला, पिचलेला सेल वापरायचा नाही, आणि शेकोटीत तर मुळीच टाकायचा नाही. बिलाचा घेतल्या दिवशीच मोबाईलवर फोटो काढा, तो कागद वर्ष काढत नाही.

मी काही इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही, वापरून आणि फसवून घेऊन जे कळलं ते लिहिलंय. कुणाला सेलबद्दल जास्त माहिती असेल तर दुरुस्त करा.

बिबट्याचं मात्र बॅटरीवर सोडू नका. डोळे चमकलेले दिसतात एवढाच तिचा उपयोग. झोत टाकला की तो पळतोच असं नाही. आमच्या जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात त्यांच्या पिढ्या उसातच वाढल्यात, उजेडाची त्यांना सवय आहे. मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावा, एकटे जाऊ नका, वाकून किंवा उकिडवं बसून काम करताना पाठीमागं कुणीतरी उभं असू द्या. दिसला तर तोंड त्याच्याकडं ठेवून मागं सरा, पाठ दाखवून पळू नका, आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन लावा. गमबूट घाला हे सांगायला नको. दिवसा वीज द्या ही मागणी आपण करतोच आहोत, २०२३ पासून सौर कृषी वाहिनी २.० या शेतीला दिवसा सौर वीज द्यायच्या योजनेचं कामही चाललंय, तुमचा फीडर (शिवाराला वीज देणारी लाइन) त्यात आहे का ते वायरमनला विचारून ठेवा. झाला तर यातला निम्मा खर्च वाचेल.

तुमच्या दोन लिंकपैकी पहिली सोडाच, फोटोतच बूड अखंड दिसतंय. दुसरीच्या विक्रेत्याला एवढं विचारा: सेल कुठल्या मापाचा, सुटा मिळतो का, आणि बाजारातला साधा सेल टाकला तर चालते का. ‘इनबिल्ट आहे सर, काळजी नको’ असं उत्तर आलं तर घेऊ नका. आणि सेलचं माप कळलं की इथंच टाका, तालुक्याला बरा सेल कुठल्या दुकानात मिळतो ते मेसेजमध्ये सांगतो.