घरच्या पीसीवर फ्लाइट सिम्युलेटर: खरंच काही शिकायला मिळतं की नुसता गेम?

मिळतं की, पण सगळं नाही. चेकलिस्ट, व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा शोधणं), आयएलएस (रेडिओ सिग्नलच्या आधारे रनवेवर उतरणं) वगैरे डोक्याची कामं घरी बसून मस्त पक्की होतात, सेसना १७२ या शिकण्यासाठी वापरतात त्या छोट्या विमानात कुठला स्विच कुठे हे पाठच होऊन जातं. आणि जे आता प्रत्यक्षात शक्यच नाही तेही करता येतं, म्हणजे हाँगकाँगचा काई ताक विमानतळ १९९८ मध्ये बंद झाला पण डोंगरावरचा तो लाल-पांढरा चौकटींचा बोर्ड दिसला की उजवीकडे वळायचं आणि बिल्डिंगांच्या अगदी वरून रनवे १३ वर उतरायचं, हा थरार सिममध्ये अजून जिवंत आहे, मला तर यासाठीच हे सगळं आवडतं!

कमी काय पडतं? शरीराला काहीच जाणवत नाही. वळताना सीटमध्ये दाबलं जाणं नाही, हवेचे धक्के नाहीत, आणि साध्या जॉयस्टिकला स्प्रिंग असते त्यामुळे ट्रिम केल्यावर (म्हणजे दांडा धरून न ठेवता विमान तसंच राहील असं लावल्यावर) हातावरचा दाब कसा सुटतो ते कळतच नाही. त्यात मीटरकडे बघत बसायची सवय लागते, खऱ्या विमानात सुरुवातीला नजर बाहेर हवी. घरच्या सिमचे तास डीजीसीए (भारताची विमान वाहतूक नियामक संस्था) पायलट लायसन्ससाठी धरत नाही हेही लक्षात ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर चांगलं ग्राफिक्स कार्ड, योक (विमानाचं स्टीअरिंग), पेडल असं वाढतच जातं. म्हणून आधी फ्लाइटगिअर हे सिम्युलेटर टाका, ते पूर्ण फुकट आहे, गोडी लागली तरच एक्स-प्लेन किंवा मायक्रोसॉफ्टचं घ्या.