जिरणं, मुरणं, झिरपणं, पाझरणं : इन्फिल्ट्रेशनला नेमकं काय म्हणायचं?

मॅडम, तुमचा प्रश्न असा की तुम्ही इथे नागपुरात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलांना हायड्रॉलॉजी, म्हणजे जलविज्ञान, शिकवता, बरीचशी मुलं मराठी शाळेतून आलेली, आणि इन्फिल्ट्रेशन, पर्कोलेशन, सीपेज या तिन्हीचा अर्थ मराठीत सांगा म्हटलं की तिन्हीला "पाणी पाझरणे" एवढंच सांगतात. मराठीत तीन वेगळे शब्द आहेत का, की संस्कृतातून घडवावे लागतील?

आहेत. तीन काय, चार आहेत, आणि चारही घरात रोज बोलले जातात. मुलांना ते माहीत नाहीत असं नाही, ते वर्गात वापरायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आधी जिरणे. अन्न जिरतं, मस्ती जिरते, अंगाला चोळलेलं तेल जिरतं. सगळीकडे जी गोष्ट वर दिसत होती ती दिसेनाशी झाली यावर भर आहे. अंगणात साचलेलं पाणी "जिरलं" म्हणतो तेव्हा आपण अंगणाकडे वरून बघत असतो, पाणी खाली जाऊन कुठे गेलं याची चौकशी त्या शब्दात नाही. आणि इन्फिल्ट्रेशनची व्याख्या तरी दुसरी काय आहे, जमिनीच्या पृष्ठभागातून पाणी आत शिरणं, बस. "पाणी अडवा, पाणी जिरवा" ही सरकारी घोषणा गावोगावच्या भिंतींवर आपण वाचत आलो, तिच्यात शब्द अगदी बरोबर पडलाय. म्हणून माझं मत असं की इन्फिल्ट्रेशन म्हणजे जिरणे, आणि इन्फिल्ट्रेशन रेट म्हणजे जिरण्याचा वेग, मिलिमीटर दर तास.

हा वेग नागपूरच्या मुलांना वेगळा समजावून सांगायची गरजच पडू नये. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवायला सांगा. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. पुस्तकांत चिकण मातीचा स्थिर जिरण्याचा वेग तासाला १ ते ५ मिलिमीटर धरतात, वाळूचा ३० च्या वर. आपल्या पश्चिमेकडची काळी माती चिकण, त्यात पावसाळ्याच्या शेवटी ती आधीच ओलीगच्च, आणि शहरात तर जागोजागी सिमेंट रोड, म्हणजे जिरायला जागाच नाही. पाऊस जिरण्याच्या वेगाच्या पुढे गेला की उरलेलं पाणी वाहणारच, अमेरिकन जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टननं १९३० च्या दशकात मांडलं ते हेच. हॉर्टनचं समीकरणसुद्धा एवढंच सांगतं की सुरुवातीला पाणी भराभर जिरतं, मग वेग कमी कमी होत एका किमान आकड्यावर टिकतो. आणि आपल्याकडे तर मे महिन्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगा पहिल्या पावसाचं पाणी घटाघट पितात, नंतर माती फुगते, भेगा मिटतात. शेतकरी म्हणतो "वावर पानी पिऊन रायलं", आठ-पंधरा दिवसांनी तोच म्हणतो "आता जिरत नाही". समीकरणाच्या आधी ही दोन वाक्यं फळ्यावर लिहा ना.

आता मुरणे. लोकांचा गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो, कारण जिरणं आणि मुरणं आपण बरेचदा एकमेकांच्या जागी वापरतो. पण लोणचं मुरतं, जिरत नाही. ताप अंगात मुरतो. मुरलेला गवई असतो, मुरलेला वकील असतो. या सगळ्यांत वेळ लागतो आणि आत गेलेलं तिथेच राहतं, ज्यात गेलं त्याचा गुण बदलतो. तेव्हा मातीच्या कणांमध्ये धरून ठेवलेलं जे पाणी, सॉइल मॉइश्चर, ते मुरलेलं पाणी. आणि याच्याच शेजारी आपल्याकडे एक फार मोलाचा शब्द पडून आहे, वाफसा. जास्तीचं पाणी निचरून गेलंय, ओल आहे आणि हवाही आहे, पेरता येईल अशी जमीन. फील्ड कपॅसिटी, म्हणजे जास्तीचं पाणी निचरल्यावर माती धरून ठेवते तेवढी ओल, तिच्या इतका जवळ जाणारा शब्द ज्या भाषेत शेतकरी रोज बोलतात तिथे मुलं "क्षेत्र क्षमता" पाठ करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

झिरपणे म्हणजे मधून वाट काढत हळूहळू जाणं. बातमी झिरपते ती अशीच, बारीक फटींतून. पर्कोलेशन हेच, मुरून उरलेलं पाणी खाली भूजलापर्यंत जातं ते. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा बेसॉल्ट घ्या, त्यात पाणी सांध्यांतून, म्हणजे खडकाच्या फटींतून, आणि कुजलेल्या थरातून झिरपतं, कामठीकडच्या वालुकाश्मात ते कणाकणांच्या मधून झिरपतं.

एक गंमत बघा. पाणी जिरवतो, मुरवतो असं आपण सहज म्हणतो, पण "झिरपवतो" असं फारसं कुणी म्हणत नाही. मला हे अगदी योग्य वाटतं, कारण बांध घालणं, समतल चर खोदणं आपल्या हातात आहे, पुढे खाली किती आणि कुठे जाईल ते खडक ठरवतो.

राहिलं पाझरणे. माठ पाझरतो, डोळे पाझरतात, म्हणजे दुसऱ्या बाजूने बाहेर येतं आणि दिसतं. सीपेज हेच. मातीच्या धरणाच्या खालच्या अंगाला ओल येते, कालव्याच्या कडेच्या शेतात पाणी निघून ते चिबड होतं, नदीला पाऊस संपल्यावरही धार राहते, हे सगळं पाझरणं.

यावर हुशार मुलगा विचारेल की मग पर्कोलेशन टँकला पाझर तलाव का म्हणतात, झिरप तलाव का नाही. चांगला प्रश्न आहे. माझ्या समजुतीप्रमाणे नाव विहिरीच्या बाजूने पडलंय. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर असे तलाव भरपूर झाले, आणि गावाला तळाखालून काय जातं याच्याशी घेणं नव्हतं, खालच्या विहिरींना पाझर फुटला का एवढंच बघायचं होतं. ते नाव बदलू नका, रुळलेलं आहे.

संस्कृत शब्दांचं म्हणाल तर हिंदी परिभाषेत अंतःस्यंदन आणि अंतःस्रवण असे दोन चालतात, पहिला इन्फिल्ट्रेशनला, दुसरा पर्कोलेशनला. दोन्ही दिसायला इतके सारखे की परीक्षेत अदलाबदल होणारच, आपण ते कशाला घ्यायचे. नवीन नामंही पाडू नका, "जिरणदर" वगैरे, जिरण्याचा वेग म्हटलं की काम होतं. गेट, म्हणजे इंजिनिअरिंगनंतरची प्रवेश परीक्षा, इंग्रजीतच द्यायची असते, तेव्हा फळ्यावर इंग्रजी संज्ञा राहू द्या आणि तिच्यापुढे क्रियापदासकट एक पूर्ण मराठी वाक्य लिहा, पाणी कुठून कुठे गेलं ते सांगणारं. इन्फिल्ट्रोमीटरचं, म्हणजे जमिनीत रोवलेल्या रिंगमध्ये पाणी भरून जिरण्याचा वेग मोजायचं, प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी रिंगमधली पातळी उतरताना कुठलं क्रियापद लागतं ते मुलांनाच ठरवू द्या, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच खणून ओल किती खोल गेली ते बघताना कुठलं लागतं तेही.