३२ जणांची नॉकआउट बॅकगॅमन टुर्नामेंट, एन्ट्री १००० रुपये, बक्षिसं कशी वाटावीत?

सगळं पहिल्यालाच देऊ नका. फाशांचा खेळ आहे, ७ पॉइंटच्या मॅचमध्ये (आधी ७ पॉइंट करेल तो जिंकतो) चांगला खेळाडूही सहज हरतो, आणि मग फायनलवाले दोघं बाहेर जाऊन आपसात वाटणी ठरवून येतात ते वेगळंच.

३२,००० मधले ८,००० कन्सोलेशनला, म्हणजे लवकर हरलेल्यांच्या वेगळ्या स्पर्धेला ठेवा (पहिल्याला ५,००० आणि दुसऱ्याला ३,०००), नाहीतर पहिल्याच राउंडला हरलेले १६ जण पुढच्या वेळी कशाला येतील? उरलेले २४,००० असे: पहिला १२,०००, दुसरा ६,०००, सेमीत हरलेले दोघं ३-३ हजार.

गंमत बघा, फायनलला हार-जीतमध्ये फरक ६,००० चा. सेमीत हरलात तर ३,०००, जिंकलात तर हातात सरासरी ९,००० ची फायनल, म्हणजे परत ६,०००च. क्वार्टरलाही तेवढाच (कन्सोलेशन सोडून). म्हणून शेवटच्या मॅचला उगाच टेन्शन येत नाही आणि डबलिंग क्यूब (डावाची किंमत दुप्पट करायचा ठोकळा) हातात घेताना कोणी पैशाकडे बघून घाबरत नाही.

हॉलचं भाडं वगैरे कापणार असाल तर एन्ट्री घ्यायच्या आधीच बोर्डावर लिहा, भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात. साइड पूल (ज्यांना हवं त्यांनी वरून पैसे भरायचे) ठेवलात तर तो हिशोब पूर्ण वेगळा, ज्यांनी भरले त्यांच्यातच वाटायचा.