दिवाळी आली, फिल्टर बदललात?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. घरातलं हीटिंग सुरू झालं की दरवर्षी मुलाचा घोळणा फुटतो आणि मला कोरडा खोकला लागतो, तो थेट मार्चपर्यंत. सासूबाई म्हणतात, आपल्याकडे ऋतू बदलला की राहणी बदलायची पद्धत आहे, तुम्ही इथे बाराही महिने एकाच तऱ्हेनं राहता, मग दुसरं काय होणार! त्यांचं चुकतंय असं वाटत नाही. पण इथल्या हवेत नेमकं काय बदलायचं? साधीशी यादी द्याल का?

उत्तर : ताई, सासूबाईंचा मुद्दा बरोबर आहे. फक्त त्यांच्या मनातली ऋतुचर्या चार महिने पाऊस आणि उरलेलं वर्ष दारं-खिडक्या उघड्या, अशा मुलखात घडलेली आहे. तुमचं घर नोव्हेंबर ते मार्च जवळजवळ सीलबंद असतं. फोडणीचा धूर, उदबत्ती, पाहुण्यांची शिंक, सगळं आतल्या आत फिरत राहतं. तेव्हा खाण्याआधी हवेकडे बघा.

यादी मात्र देत नाही. फ्रिजवरची यादी दुसऱ्या आठवड्यात पिझ्झाच्या कुपनाखाली जाते. सण कोणी विसरत नाही, म्हणून तुमच्याकडची कामं आपल्या सणांना बांधून टाका. आपले सण मुळात ऋतूंचेच आहेत.

सुरुवात दिवाळीपासून. ती ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीतरी येते, म्हणजे नेमकी हीटिंग सुरू होण्याच्या सुमारास. फराळाआधी घर आवरताच, त्यातच बेसमेंटमध्ये उतरून, घरभर गरम हवा सोडणाऱ्या फर्नेसचा फिल्टर काढा. पुठ्ठ्याच्या चौकटीतला तो पांढरा कागद करड्या गोधडीसारखा झालेला असेल, तर गेले कित्येक महिने तुम्ही काय हुंगत होता ते डोळ्यांनी दिसेल. माप चौकटीच्या कडेवर छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. नवा बसवताना कडेवरचा बाण फर्नेसच्या दिशेनं असला पाहिजे. एक इंची फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा लागतो. घरात दमेकरी किंवा मांजर असेल तर एकच महिना धरा. फार बारीक जाळीचा महागडा फिल्टर जुन्या फर्नेसला जड जातो, म्हणून घेण्याआधी फर्नेसचं माहितीपत्रक बघा. रेडिएटरवर चालणाऱ्या जुन्या इमारतीत फिल्टर नसतोच. तिथे निदान रेडिएटरमागची धूळ काढा.

आता फराळ. चकल्यांचा घाणा कढईत पडला की धुराचा अलार्म बोंबलतो. मग कोणीतरी खुर्चीवर चढून त्याला शॉवर कॅप घालतं, नाहीतर सरळ बॅटरी काढतं. बॅटरी ड्रॉवरमध्ये जाते आणि होळीपर्यंत तिथेच पडते. अमेरिकेत आणि कॅनडाच्या बहुतेक भागात नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्या दिवशी घरातले सगळे अलार्म बटण दाबून तपासायचे, हा नियम मुलाकडे सोपवा; नऊ वर्षांच्या पोराला ते काम आवडतं. अलार्मच्या पाठीवर उत्पादनाची तारीख असते. दहा वर्षं झाली असतील तर बॅटरी नको, अलार्मच नवा आणा.

धुराच्या अलार्मइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म महत्त्वाचा. तो प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ हवा. जळणातून निघणाऱ्या या विषारी वायूला ना रंग ना वास. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळायला लागलं आणि बाहेर पडल्यावर बरं वाटलं, तर क्रोसिन शोधत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच ९११ ला फोन करा. घरात तळणाचा वास नको म्हणून गॅरेजमध्ये प्रोपेनची शेगडी मांडून तळणारी बरीच मराठी घरं आहेत. गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवलं तरी ते धोक्याचंच. शेगडी उघड्यावर, भिंतीपासून दूर न्या, नाहीतर घरातच तळा.

घरात तळताना चिमणीचा उपयोग होतो का, हे एकदा तपासा. पंखा पूर्ण जोरात लावा आणि बाहेर जाऊन भिंतीवरची झडप उघडते का बघा. बऱ्याच घरांत, विशेषतः ओव्हनवर मायक्रोवेव्ह असेल तिथे, पंखा तीच हवा जाळीतून फिरवून तुमच्याच तोंडावर सोडतो. तसं असेल तर खिडकी बोटभर उघडी ठेवून फोडणी द्या. हवा बाहेर जाते अशी चिमणी असेल तर तळण मागच्या शेगडीवर करा, तिथला धूर ती जास्त ओढते. देवघर स्वयंपाकघरातच असेल तर धूप-आरतीच्या वेळीही हाच पंखा लावा. कोणाला दमा असेल तर त्या दिवसांत धूप नकोच, निरांजन पुरे.

अभ्यंगाबद्दल सासूबाईंना माझ्यातर्फे नमस्कार सांगा. कातडी कोरडी पडायला लागते त्याच आठवड्यात तेल लावून न्हाण्याचा सण यावा, हा तिथल्या थंडीत फारच सोयीचा योग आहे. तो एका पहाटेपुरता कशाला, शनिवार-रविवारी चालू ठेवा. फक्त टबमध्ये रबरी चटई टाका. तेलकट पायांनी गुळगुळीत टबमध्ये उभं राहणं सत्तरीच्या बाईच्या कमरेच्या हाडाला परवडणारं नाही. आणि उटणं आधी कागदानं निपटून केरात टाका. पीठ आणि तेल मिळून मोरीचा पाइप तुंबतो, आणि तिथल्या प्लंबरचं बिल पाडव्याच्या ओवाळणीपेक्षा मोठं असतं.

मुलाच्या घोळण्याचं मूळही याच दिवसांत आहे. बाहेर उणे पाच अंश असताना हवेत पाणी मावतंच किती! तीच हवा आत घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. नाकातली नाजूक त्वचा सुकते, भेगाळते, पोरगं बोट घालतं आणि रक्त येतं. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र दहा-पंधरा डॉलरला मिळतं, ते मुलांच्या खोलीत ठेवा. आकडा ३० ते ५०च्या मध्ये हवा. कमी असेल तर ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र लावा, पण त्यात डिस्टिल्ड पाणी घाला. नळाचं पाणी वापरलं की अल्ट्रासॉनिक यंत्र क्षारांची पांढरी पूड घरभर उडवतं. टाकी दर दोन-तीन दिवसांनी घासा, नाहीतर तीच जंतूंची विहीर होते. आणि जोरात लावून ठेवू नका. सकाळी खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळत असेल, तर आर्द्रता जास्त झाली आहे. महिन्याभरात चौकटीवर काळी बुरशी दिसेल. इंग्लंडात राहणाऱ्या वाचकांचा त्रास बहुतेक वेळा हाच असतो. त्यांनी ह्युमिडिफायर आणण्याआधी मोजून बघावं. घरात वाळत घातलेले कपडे आणि कुकरच्या शिट्ट्याच तिथे पुरतात.

घोळणा फुटलाच तर कांदा हुंगवणं आणि डोकं मागे करून गार पाणी ओतणं, दोन्ही सोडा. मुलाला ताठ बसवून किंचित पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग चिमटीत धरा. मध्ये मध्ये सोडून बघायचं नाही. वीस-तीस मिनिटांतही थांबलं नाही तर डॉक्टर. तुमचा खोकला ओलावा वाढवूनही हटला नाही, तर मार्चची वाट न बघता दाखवून घ्या. दरवर्षी चार महिने टिकणारा खोकला नुसता कोरड्या हवेचा नसू शकतो, त्यामागे दमा किंवा आम्लपित्तही असतं.

फ्लूची लस ऑक्टोबरअखेर सगळ्यांना. सासूबाईंनाही, कारण मुलं शाळेतून जे आणतात ते आधी आजीला लागतं. ६५ वर्षांपुढच्यांसाठी जास्त मात्रेची लस वेगळी असते, ती मागा. पाहुण्यांच्या प्रवासी विम्यात लस बहुधा बसत नाही, तेव्हा फार्मसीत आधी किंमत विचारून घ्या.

मग संक्रांत. आपल्याकडे ती थंडी सरत असल्याची खूण. तुमच्याकडे खरी थंडी तेव्हा ऐन भरात असते. तीळ, गूळ, बाजरीची भाकरी, लोणी, हे सगळं तिथे बिनधास्त चालू ठेवा. बाजरीचं पीठ मात्र थोडं थोडं आणा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. त्यात स्निग्धांश बराच असतो, कपाटात ते काही आठवड्यांत कडू होतं. तो कडवटपणा बाजरीचा नाही, शिळ्या पिठाचा.

या दिवसांतला मोठा प्रश्न ड जीवनसत्त्वाचा. मुंबई १९ अक्षांशावर, बॉस्टन ४२वर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बॉस्टनच्या उन्हात त्वचा ड जीवनसत्त्व बनवूच शकत नाही, हे १९८८ मध्येच संशोधकांनी दाखवलं. न्यू जर्सी थोडं खाली असलं तरी फार सुटका नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेला तर जास्तच ऊन लागतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन ऊब देतं, पण त्याचा यासाठी काही उपयोग नाही. अमेरिकेतली शिफारस सत्तरीपर्यंत रोज ६०० युनिट, त्यापुढे ८००, आणि मोठ्यांसाठी ४,००० ही वरची मर्यादा. हे सांगण्याचं कारण म्हणजे भारतातून सूटकेसमध्ये येणाऱ्या ६०,००० युनिटच्या पुड्या आणि कॅप्सूल. आठवड्याला एक, तीही रक्त तपासून डॉक्टरांनी सांगितल्यावर घ्यायची गोष्ट घरातले सगळे शेंगदाण्यासारखी खाताना दिसतात. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर येतं.

बेसमेंटमध्ये मुलांची खेळायची खोली किंवा सासूबाईंचा पलंग असेल, तर याच महिन्यात रेडॉनची चाचणी करा. जमिनीतून येणारा हा किरणोत्सर्गी वायू थंडीत बंद घरात साचतो, आणि धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं तेच सर्वांत मोठं कारण आहे. चाचणीचा डबा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. अमेरिकेत दर लिटर हवेमागे ४ पिकोक्युरी, कॅनडात दर घनमीटरमागे २०० बेकरेल या पातळीपुढे दुरुस्ती करायची. पाइप आणि पंखा बसवून ती होते, घर सोडावं लागत नाही.

बर्फ उपसायला यजमानांनी सकाळी उठून चहाआधी धावू नये. चाळिशीपुढचा, दिवसभर खुर्चीत बसणारा, त्यात मधुमेही माणूस गार हवेत जड फावडं उचलतो, तेव्हा हृदयावर एकदम ताण येतो. उचलण्यापेक्षा ढकला, थोडं थोडं करा, आणि छातीत दाटलं तर फावडं तिथेच टाका. शेजारचा कॉलेजचा मुलगा वीस डॉलरमध्ये हे काम आनंदानं करतो.

गुढीपाडव्याला खिडक्या उघडायचा मोह होतो, पण त्याच सुमारास झाडांचे परागकण उडायला लागतात. कोणाला शिंका येत असतील तर एप्रिल-मेमध्ये कपडे बाहेर वाळत घालू नका, आणि अंघोळ सकाळी करत असाल तरी रात्री केस धुऊन झोपा. नाहीतर दिवसभरचे परागकण उशीवर.

चातुर्मासाबद्दल सासूबाईंशी जपून बोला. पावसाळ्यात पालेभाज्या चिखलानं, किड्यांनी भरलेल्या असतात, त्या टाळण्यात आपल्याकडे शहाणपण होतं. तुमच्याकडे जुलै-ऑगस्ट हे ताज्या भाजीचे सर्वांत चांगले महिने. ज्यांचं व्रत आहे त्यांनी पाळावं, मुलांच्या ताटातला पालक मात्र काढू नका.

त्याच दिवसांत गोचीड. गवतातून, जंगलातल्या पायवाटेवरून आल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यामागची जागा, कानामागचे केस रोज चाचपा. कपडे थेट ड्रायरमध्ये दहा मिनिटं कडक तापवा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्यानं त्वचेलगत पकडून सरळ वर ओढा. तेल, काडीची आग असले प्रयोग नकोत. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम रोगाचा गोल चट्टा सावळ्या त्वचेवर ठळक दिसत नाही, म्हणून गोचीड चावल्यानंतर ताप किंवा सांधेदुखी आली तर डॉक्टरांना ती गोष्ट स्वतःहून सांगा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाणार असाल तर आजोळच्या पाण्याचा भरवसा धरू नका. परदेशात जन्मलेल्या मुलांच्या पोटाला ते पाणी परकंच, आणि तुमचीही सवय इतक्या वर्षांत गेलेली असते. टायफॉइडची लस निघण्याच्या दोन आठवडे आधी तरी झालेली हवी. डॉक्टरांच्या भेटीची वेळ त्याहून आधी घ्या, म्हणजे मलेरियाच्या गोळ्या लागतात का हेही तेव्हाच ठरेल.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या वाचकांनी हे सगळं उलटं धरायचं. तुमची दिवाळी वसंतात येते, तेव्हा परागकणांचं सांभाळा. फ्लूची लस अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, आणि हीटरची तपासणी आषाढी येण्याआधी.